कोकणची कादंबरी आणि बिनहंगामाचा समुद्र

माळव्यातल्या जुन्या मराठी घरांत आवडत्या पुस्तकांची चौकशी केली, तर उत्तरात काही नावे हमखास येतात. 'ययाती', 'स्वामी', 'मृत्युंजय' ही झाली पुराण-इतिहासाची बाजू. त्यांच्या पाठोपाठ येतात ती कोकणची पुस्तके : श्री. ना. पेंडसे यांच्या 'गारंबीचा बापू' आणि 'तुंबाडचे खोत' या कादंबऱ्या, जयवंत दळवी यांचे 'सारे प्रवासी घडीचे' आणि पु. ल. देशपांडे यांच्या 'व्यक्ती आणि वल्ली'मधला अंतू बर्वा. घरात मराठी वाचणारे आता एक-दोनच उरले असले, तरी ही पुस्तके कपाटात असतात आणि त्यांतले प्रसंग पाहुण्यांना सांगितले जातात.

'स्वामी' आपल्याला का आवडते, याचे कारण शोधावे लागत नाही. आपले पूर्वज शिंदे, होळकर, पवार यांच्या चाकरीत इकडे आले; ती एका अर्थी आपल्याच घराण्यांची कथा आहे. कोकणच्या पुस्तकांवरचे प्रेम मात्र विचार करण्याजोगे आहे. जो समुद्र सोडून आपल्यापैकी कित्येक घरांना दोनशे-अडीचशे वर्षे झाली, ज्याच्या काठी आपले ना घर उरले ना शेत, त्या समुद्राच्या कथा आपण इतक्या ममतेने का वाचतो? सर्वसाधारण उत्तर असे की, मूळ भूमीची ओढ. हे उत्तर खोटे नाही. पण ते अपुरे आहे, आणि त्यामुळे या कादंबऱ्यांवर थोडा अन्यायही होतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. आपण ही पुस्तके परतीच्या ओढीने वाचतो. ती मात्र मुख्यतः एका निराळ्या प्रश्नावर लिहिलेली आहेत : या भूमीतून माणसाला निघून का जावे लागते?

आपल्या वाचनाला ही ओढीची दिशा का मिळाली, याचे एक कारण आपल्या प्रवासाच्या हंगामात आहे. गुहागरचा व्याडेश्वर किंवा कोळिसऱ्याचा लक्ष्मीकेशव ज्यांचे कुलदैवत, ती कुटुंबे एरवी अभिषेकाचे पैसे मनीऑर्डरने पाठवून मोकळी होतात. प्रत्यक्ष जातात ती माघात, नाहीतर मुलांच्या सुट्या लागल्यावर वैशाखात. त्या वेळी कोकण पाहुण्यांसाठी सजलेले असते. आंबा-फणस तयार असतो, हवा बोचत नाही, समुद्र निळा आणि शांत असतो. आपण चार दिवस राहतो, आमसुले आणि कुळथाचे पीठ घेऊन परततो, आणि कपाटातल्या कादंबरीला तेच निळे चित्र चिकटवतो.

गेल्या आषाढात प्रस्तुत लेखकाने मुद्दाम उलटा हंगाम निवडला. अवंतिका एक्सप्रेसने मुंबई, तेथून कोकण रेल्वेने खेड आणि पुढे एस.टी.ने दापोलीमार्गे मुरूड असा प्रवास करून तेथे एक आठवडा मुक्काम केला. पिशवीत पेंडशांच्या चार कादंबऱ्या होत्या. हेतू एवढाच की, ज्या मातीतून त्या उगवल्या, त्या मातीत पाहुण्यांचा वावर नसताना त्या पुन्हा वाचाव्यात. पेंडशांचा जन्म १९१३ साली याच तालुक्यातल्या मुर्डी गावचा. आसूद, मुर्डी, हर्णै हा सारा परिसर मुरूडपासून हाकेच्या अंतरावर आहे.

या दिवसांत किनाऱ्यावर पाहण्यासारखे असे काही नसते, आणि तेच पाहण्यासारखे असते. निवासाची घरे बहुतेक बंद. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीस बंदी असते. त्यामुळे हर्णैच्या बंदरावरचा प्रसिद्ध मासळीचा लिलाव थंडावलेला, नौका शाकारून ठेवलेल्या. समुद्राचा रंग गढूळ, क्षिप्रेच्या पुरासारखा. आवाज मात्र रात्रंदिवस. वीज दिवसातून दोनदा जायची. ज्यांच्या घरी उतरलो त्या तरुण गृहस्थांनी पहिल्याच संध्याकाळी विचारले, "काका, हा काय यायचा हंगाम?" त्या प्रश्नात आतिथ्याला उणेपणा नव्हता, पावसात येथे कोणी हौसेने येते, हेच त्यांना नवल होते. आगोटीला भरून ठेवलेले तांदूळ, सुके मासे, सरपण यांवर चार महिने काढणाऱ्या मुलखातले ते नवल आहे.

या आठवड्यात 'गारंबीचा बापू' पुन्हा वाचताना पहिली जाणवलेली गोष्ट ही की, या कादंबरीतली माणसे समुद्राकडे फारशी पाहतच नाहीत. कादंबरी १९५२ ची. अण्णा खोतांच्या दरबारी वजनाला न जुमानणारा, हलाखीत वाढलेला बापू. रावजीच्या हॉटेलातली राधा. तिच्याशी उघडपणे मांडलेला संसार. गावाने टाकलेला बहिष्कार आणि सुपारीच्या व्यापारातून बापूने उभे केलेले ऐश्वर्य. हे सारे घडते ते आगरात, पायवाटेवर, देवळात, पडवीत. सुपारीचे भाव आणि बागेचे पाणी यांवर माणसांची उंची ठरते. समुद्र जवळ आहे, पण पाठीमागे आहे. आसूदच्या बागेत भर दुपारी अंधारून आले असता उभे राहिले की हे ध्यानात येते : उंच पोफळींच्या रांगा, मधून धावणारे पाटाचे पाणी आणि चहूकडून आवळत आलेली डोंगरांची भिंत. अशा ठिकाणी कोणाच्या घरात काय शिजले हे दुसऱ्या घरात कळते. बापूचे बंड एवढे मोठे का वाटते, ते या जागेच्या अरुंदपणावरून उमगते. वैशाखातल्या प्रवाशाला तो अरुंदपणा रमणीय भासतो. आषाढात, घाटात दरड आली आणि साकव पाण्याखाली गेला की, तोच अरुंदपणा माणसांना एकमेकांच्या अंगावर ढकलतो.

दुसरी गोष्ट महसुलाच्या कागदांत आयुष्य घालविलेल्या माणसाला विशेष जाणवावी अशी आहे. 'तुंबाडचे खोत' ही १९८७ साली दोन खंडांत आलेली महाकादंबरी. जगबुडी नदीच्या काठच्या एका खोत घराण्याच्या चार पिढ्यांचा उदय आणि ऱ्हास तिच्यात आहे. आपल्याकडे ती वाचली जाते ती एका वाड्याच्या विलापिकेसारखी. केवढे वैभव होते आणि कसे लयाला गेले, अशा सुरात. परंतु खोत म्हणजे सरकार आणि कूळ यांच्या मध्ये उभा राहून सारा वसूल करणारा अधिकारी. त्याच्या वाड्याचा चिरा न् चिरा कुळाच्या भातातून आलेला असे. या खोतीच्या निर्मूलनाचे विधेयक १९३७ साली मुंबई विधानसभेत मांडले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, आणि त्यांचा जन्म आपल्या माळव्यातल्या महूचा. वडील सैन्यातून निवृत्त झाल्यावर हे कुटुंब महू सोडून दापोलीस गेले; म्हणजे आपल्या पूर्वजांनी ज्या दिशेने वाट चालली, तिच्या नेमक्या उलट दिशेने. पुढे १९४९ च्या कायद्याने खोती संपली. पेंडशांनी ही दुसरी बाजू लपविलेली नाही. खोतांचा माज, त्यांची क्रूरता, त्यांच्या घरातल्या स्त्रियांची होरपळ हे सारे त्यांनी निष्ठुरपणे लिहिले आहे. ती बाजू वगळून वाड्याचे तेवढे लक्षात ठेवणे, हे वाचकाचे काम आहे, लेखकाचे नव्हे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. या कादंबऱ्यांत कोण राहते यापेक्षा कोण निघून जाते, याकडे लक्ष द्यावे. १९५० च्या 'हद्दपार'चे तर नावच पुरेसे बोलके आहे. १९६२ च्या 'रथचक्र'मधल्या नायिकेला पेंडशांनी नावसुद्धा दिलेले नाही. एकत्र कुटुंबाच्या जाचातून, मुलांच्या शिक्षणासाठी ती घराबाहेर पडते, आणि त्या बाहेर पडण्याची किंमत अखेरपर्यंत मोजत राहते. साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेली ही कादंबरी आपल्या घरांत 'बापू'च्या मानाने फार कमी वाचली गेली आहे. वास्तविक पाहता आपल्या कुळांची कथा तीच आहे. आपले कोणी आद्य पुरुष क्षिप्रातीरी आले ते काही महाकालाच्या दर्शनाची आस लागली म्हणून नव्हे. वाटण्या होऊन तुकड्यातुकड्यांचे झालेले आगर, भाऊबंदकी, पावसाळ्याचे चार महिने आणि डोक्यावर कर्ज. यांतून वाट काढीत ती माणसे आली. बखरींत स्वाऱ्यांचे वर्णन येते, ही कारणे येत नाहीत. ती कादंबरीत येतात.

मुरूडच्याच मुलाचे एक उदाहरण याच संदर्भात आठवते. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे बालपण या गावात गेले. १८७५ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, सरकारी नोकरीची वाट मोकळी करणारी एक परीक्षा देण्यासाठी ते भर पावसात सुमारे ११० मैलांची अवघड वाट पायी तुडवून साताऱ्यास गेले. आणि लहान दिसतोस, असे म्हणून त्यांना परीक्षेस बसू दिले गेले नाही. हा वृत्तान्त त्यांनी 'आत्मवृत्ता'त दिलेला आहे. ज्यांनी नोकरीच्या अर्जापासून निवृत्तिवेतनापर्यंत सरकारी दाराशी आयुष्य काढले, त्यांना तो वाचताना पोटात कालवल्यासारखे होईल. मुरूडचा पाऊस खिडकीतून पाहत असताना त्या ११० मैलांचा अर्थ निराळा लागतो. समुद्रकाठच्या मुलाला समुद्राने वाट दिली नाही. वाट होती ती घाटाच्या बाजूने, वर.

अंतू बर्व्याच्या बाबतीतही हेच. त्याची तिरकस वाक्ये आपल्या समारंभांत पाठ म्हटली जातात आणि हशा पिकतो. पण त्या रत्नागिरीच्या आळीत मागे उरलेला म्हातारा आणि मुंबईला गेलेला मुलगा, एवढीच ती कथा आहे. विनोद हा त्या एकटेपणावर घातलेला झाप आहे. पुलंना हे ठाऊक होते, म्हणून ते लेखन टिकले. झाप काढून पाहणे वाचकाच्या हाती.

येथे कोणी आक्षेप घेईल की, वाचकाने कशात आनंद मानावा हे समीक्षकाने का ठरवावे? कोकणची भाषा, तिथल्या म्हणी, माणसांचे नमुने यांत रमणे हा काय गुन्हा आहे? मुळीच नाही. दळवींचे 'सारे प्रवासी घडीचे' वाचून जो हसला नाही, त्याच्याशी साहित्याची चर्चा करू नये. प्रश्न एवढाच आहे की, आवड जेव्हा यादी होते, तेव्हा ती काय काय गाळते? चिं. त्र्यं. खानोलकर आपल्या याद्यांत जवळजवळ नसतात, हे मला लक्षणीय वाटते. दापोलीपासून पुष्कळ दक्षिणेला, वेंगुर्ल्याच्या बाजूला, खडकांत शिरून समुद्र गर्जतो असे एक ठिकाण आहे; त्याचेच नाव त्यांनी आपल्या १९६६ च्या 'कोंडुरा' या कादंबरीला दिले. तिच्यात समुद्र भय घालतो, वर देतो आणि त्या वराने परशुरामतात्याचा सर्वनाश घडवतो. श्याम बेनेगल यांनी तिच्यावर चित्रपट काढला, पण आपल्या घरांतून ती सांगितली जात नाही. तिथे परतावे असे वाटत नाही, हेच बहुधा कारण असेल.

समुद्राचे हे भय काल्पनिक नाही. पावसाळ्यात कोकणच्या लांब पल्ल्याच्या आगबोटी बंद असत, हे जुन्या लेखनात जागोजागी येते. बोटीच्या प्रवासाच्या गमतीजमतीही येतात. त्याच वाहतुकीत १७ जुलै १९४७ रोजी, दर्श अमावास्येच्या दिवशी, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. स्वातंत्र्य महिन्यावर आलेले असताना झालेला हा घात रायगडच्या किनाऱ्यावरची घरे आजही विसरलेली नाहीत. आपल्या आवडत्या पुस्तकांच्या गप्पांत मात्र आगबोटीचा भोंगा येतो, 'रामदास' येत नाही.

समुद्रावर ज्यांचे पोट आहे त्यांच्या बाजूने पाहिले, तर चित्र आणखी बदलते. 'गारंबीचा बापू' ज्या वर्षी आली, त्याच १९५२ साली अर्नेस्ट हेमिंग्वे यांची म्हाताऱ्या कोळ्याची कादंबरिका प्रसिद्ध झाली. पुलंनी ती 'एका कोळियाने' या नावाने मराठीत आणली. चार वर्षांनी, १९५६ मध्ये, मल्याळममध्ये तकळी शिवशंकर पिळ्ळै यांची 'चेम्मीन' आली. तिथे किनारा कोळ्यांचा आहे, समुद्र ही आई आहे, आणि नवरा पाण्यावर असताना काठावरच्या बायकोने पाळायचे नियम हा कथेचा कणा आहे. या दोहोंच्या शेजारी ठेवून पाहिले म्हणजे कळते की, आपण जिला समुद्राची कादंबरी म्हणून जपतो, ती खरे तर आगराची कादंबरी आहे : जमिनीला खिळलेल्या, भात आणि सुपारी मोजणाऱ्या, पाण्यात न उतरणाऱ्या माणसांची. यात पेंडशांचे न्यून नाही. त्यांनी जे पाहिले ते लिहिले. त्यांच्यावर 'प्रादेशिक कादंबरीकार' असा शिक्का मारला गेला आणि त्या शिक्क्यामुळे प्रदेश तेवढा दिसू लागला. प्रदेशातली सत्ता, कर्ज आणि सुटकेची धडपड ही पार्श्वभूमीला गेली. पाहुण्यांच्या समुद्राचीही कादंबरी मराठीत आलेली आहे. मिलिंद बोकील यांच्या 'समुद्र' या लहानशा कादंबरीत एक सुस्थितीतले दांपत्य सुटी घालवायला समुद्रकाठी येते, आणि संसारात इतकी वर्षे न बोललेले तिथे बोलले जाते. त्या कादंबरीचे मला कौतुक वाटते ते तिच्या प्रामाणिकपणामुळे : आपण येथले नाही, आलो आहोत, हे तिच्यातल्या माणसांना पक्के ठाऊक आहे.

मुरूडच्या मुक्कामाचे पाचव्या दिवशीचे एक बोलणे येथे नोंदवितो. परसात पोफळींची रोपे पुरुषभर उंचीचीसुद्धा नव्हती. विचारले तेव्हा यजमान म्हणाले, "वादळात बाग झोपली. ही नंतरची." ३ जून २०२० रोजी श्रीवर्धनच्या परिसरात किनाऱ्याला धडकलेल्या 'निसर्ग' चक्रीवादळाने रायगड जिल्ह्याच्या दक्षिण भागात आणि दापोली, मंडणगड या तालुक्यांत नारळी-पोफळीच्या बागांची अशी वाताहत केली. सुपारीला उत्पन्न यायला सहा-सात वर्षे लागतात. तोवर घर चालायचे कशावर? यजमानांचे धाकटे बंधू त्याच वर्षी पुण्याला गेले, ते तिथेच राहिले. म्हणजे 'रथचक्र' अजून फिरते आहे. ज्या आगराच्या वर्णनावर आपण लुब्ध होतो, ते आगर उभे राहते का पडते, यावर आजही एखाद्या घरातले कोण राहणार आणि कोण जाणार हे ठरते.

यावरून आपल्याविषयी एक गोष्ट सुचते. आपण निघून आलेल्यांचे वंशज आहोत. निघण्याची कारणे सांगणारे वाङ्मय कोकणाकडे आहे. पण पोहोचल्यावर काय झाले, हे सांगणारे आपल्याकडे किती आहे? शोधायला गेले तर ते आहे, आणि तेही कोकणच्या कादंबरीइतकेच जुने. शरच्चंद्र मुक्तिबोध यांची 'क्षिप्रा' ही कादंबरी १९५४ सालची, म्हणजे 'बापू'नंतर अवघ्या दोन वर्षांची. तिच्या पुढचे भाग 'सरहद्द' आणि 'जन हे वोळतु जेथें'. थोरले बंधू गजानन माधव हिंदीत गेले आणि तिकडे युगप्रवर्तक ठरले. धाकट्याने मराठी धरली आणि माळव्यातल्या मराठी मध्यमवर्गाच्या मनाची घडण, त्याची चाकरीनिष्ठा, त्याचा भित्रेपणा आणि त्यातून फुटणारे बंड लिहून ठेवले. आपल्या नदीचे नाव धारण करणारी मराठी कादंबरी आपल्याच आवडीच्या यादीत नसावी, याचा विचार व्हायला हवा. तिच्यात आमराई नाही, वल्ली नाहीत, हसून सांगता येतील असे प्रसंग थोडे. मात्र ज्या घरांत आपण वाढलो, ती घरे आहेत.

आपल्या क्षिप्रेलाही बिनहंगाम असतो. सिंहस्थात देशभरातून माणसे लोटतात. एरवी उन्हाळ्यात तिची धार क्षीण होते, आणि २०१४ पासून नर्मदेचे पाणी उचलून तिच्यात सोडले जाते. स्नानाला आलेला यात्रेकरू ते पाहत नाही. रामघाटावरून रोज जाणारा पाहतो. रोज जाणाऱ्याने लिहिलेले आणि रोज जाणाऱ्याच्या नजरेने वाचलेले वाङ्मय, एवढीच अपेक्षा या लेखाची आहे. पेंडसे पुन्हा वाचावेत, पण या खेपेस 'रथचक्र'पासून सुरुवात करावी. आणि त्यानंतर 'क्षिप्रा' हाती घ्यावी. आपल्या मंडळाच्या पुढील वाचन-बैठकीसाठी ही दोन पुस्तके एकत्र घ्यावीत, अशी सूचना चिटणिसांकडे लेखी दिली आहे. दोन्हींच्या प्रती जुन्या घरांच्या माळ्यांवर सापडतील, असा भरवसा वाटतो.